होस्टिंग घेताना जीबी नको, शेगड्या मोजा

वर्डप्रेसवर साइट चालवणाऱ्यांना होस्टिंग कंपनीकडून हल्ली एक मेल हमखास येते. तुमची पीएचपी (साइट ज्या भाषेवर चालते ती) जुनी झाली आहे, बदलून घ्या, असं त्यात वर लिहिलेलं असतं. खाली नूतनीकरणाची तारीख, आणि पहिल्या वेळेपेक्षा दुप्पट-तिप्पट रक्कम. गिरगावातल्या मंडळाचे चिटणीस, पार्ल्यात क्लास चालवणाऱ्या बाई, दादरचा छोटा प्रकाशक, सगळे ही मेल साइट बनवून देणाऱ्या मुलाकडे ढकलतात. तो एव्हाना दुसऱ्याच नोकरीत अडकलेला असतो. मग कुणीतरी सुचवतं, "ही कंपनीच बदला हो, अमक्याकडे महिना नव्व्याण्णव रुपयांत सगळं अनलिमिटेड आहे."

बदलावी की नाही, हा पुढचा प्रश्न. आपण पैसे कशाचे मोजतो, ते आधी पाहू.

## पान मागितल्यावर बनतं

साइट कुठल्यातरी कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवलेली असते आणि होस्टिंग म्हणजे त्या जागेचं भाडं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. साध्या, न बदलणाऱ्या पानांच्या साइटसाठी ती ठीक आहे. वर्डप्रेस, ड्रूपल, जुमला यांची गोष्ट वेगळी. यांना सीएमएस म्हणतात: कोड न लिहिता मजकूर टाकता, बदलता, काढता येईल अशी यंत्रणा. त्यातलं वर्डप्रेस २००३ मध्ये आलं आणि आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट त्यावर चालतात. अशा साइटवर तुमच्या लेखाचं तयार पान कुठेच पडलेलं नसतं. मजकूर डेटाबेसमध्ये, चित्रं एका फोल्डरमध्ये, मांडणी तिसरीकडे. वाचकाने लिंक दाबली की पीएचपी या भाषेत लिहिलेला प्रोग्राम जागा होतो, सगळं गोळा करतो, पान रचतो आणि पाठवतो. पुढच्या वाचकासाठी पुन्हा तेच.

म्हणजे ही खानावळ आहे. ताट मागणीनंतर वाढलं जातं. डेटाबेस ही कोठी, पीएचपी हा आचारी. जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेले '५० जीबी', '१०० जीबी' हे आकडे कोठीची खोली किती मोठी ते सांगतात. जेवणाच्या वेळेला रांग किती लवकर सरकेल ते ठरतं शेगड्यांच्या संख्येवर, आणि ती संख्या जाहिरातीत नसते.

## शेगड्या किती, हे विचारायचं कसं

होस्टिंगच्या भाषेत याला 'पीएचपी वर्कर' किंवा 'एंट्री प्रोसेस' म्हणतात: एकाच क्षणी तुमच्या साइटची किती पानं रचली जाऊ शकतात. कंपनीच्या चॅटवर सरळ हेच शब्द लिहून विचारा. आकडा आला तर कंपनी निदान बोलायच्या लायकीची आहे. "सर, आमच्याकडे सगळं अनलिमिटेड आहे," असं उत्तर आलं तर समोरच्याला प्रश्न समजलेला नाही, किंवा चांगलाच समजला आहे.

आकडेमोड सोपी आहे. समजा दहा वर्कर आहेत आणि एक पान रचायला अर्धा सेकंद लागतो. सेकंदाला वीस पानं झाली. आता गणपतीत मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आरतीच्या वेळापत्रकाची लिंक फिरते आणि पहिल्याच मिनिटात हजार जण ती उघडतात. सेकंदाला सोळा-सतरा पानं. निभावतं. पण साइटवर स्लायडर, पॉप-अप, मोजणी, गॅलरी असे पंचवीस प्लगइन (वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) भरलेले असतील आणि एका पानाला दोन सेकंद लागत असतील, तर तेच दहा वर्कर सेकंदाला फक्त पाच पानं देतात. रांग वाढत जाते आणि थोड्या वेळाने वाचकांच्या फोनवर पाचशेच्या घरातला एखादा एरर आकडा दिसू लागतो. होस्टिंगच्या नावाने बोटं मोडली जातात. दोष अर्धा प्लगइनांचा असतो.

यावर उपाय आहे कॅशिंगचा. एकदा रचलेलं पान जसंच्या तसं जपून ठेवायचं आणि पुढच्या वाचकाला तेच द्यायचं, म्हणजे शेगडी पेटवावीच लागत नाही. बातम्या, लेख, वेळापत्रकं यांना हे उत्तम लागू पडतं. सामान्य होस्टिंगवरही सेकंदाला शेकडो वाचक पेलतात. म्हणून दुसरा प्रश्न: कॅशिंग सर्व्हरच्याच पातळीवर आहे, की मला वेगळं प्लगइन टाकावं लागेल?

पण देणगीचा अर्ज, लॉगिन, साइटवरचा शोध, दुकानाची खरेदीची टोपली, ही पानं प्रत्येकासाठी वेगळी असतात. ती कॅशमधून देता येत नाहीत. दर वेळी नव्याने रचावी लागतात. पुस्तकं ऑनलाइन विकणाऱ्या प्रकाशकाला म्हणूनच जास्त वर्कर लागतात, मग त्याचे वाचक मंडळाच्या साइटपेक्षा कमी का असेनात.

## 'अनलिमिटेड' कुठे संपतं

जागा अमर्याद, पण बारीक अक्षरांत आणखी एक मर्यादा असते: इनोड. म्हणजे फायलींची संख्या. यात फोटो टाकणाऱ्या संस्था सहज अडकतात. मोबाइलवर काढलेला एक मोठा फोटो चढवला की वर्डप्रेस मूळ फोटो ठेवतं आणि वेगवेगळ्या मापांच्या प्रती बनवतं. एका फोटोच्या सात-आठ फायली होतात. उत्सवाचे पाच हजार फोटो म्हणजे पस्तीस-चाळीस हजार फायली. जागा उरलेली असते आणि तरी नवीन फोटो चढत नाही. फोटो चढवण्याआधी लहान करावेत हा सल्ला कुणी ऐकत नाही, तरी देऊन ठेवतो.

किमतीचंही तसंच. समजा जाहिरातीत महिना ९९ रुपये आहे. तो दर बहुधा चार वर्षांचे पैसे एकदम भरणाऱ्यासाठी असतो. ४८ महिन्यांचे झाले ४,७५२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५,६०७. चार वर्षांनी जो दर लागतो तो त्याच पानावर कुठेतरी 'रिन्यूज अ‍ॅट' म्हणून छापलेला असतो. दोन कंपन्यांची तुलना करायची तर त्या दराने करा. एसएसएल प्रमाणपत्राचे, म्हणजे साइटची जोडणी सुरक्षित करणाऱ्या सोयीचे, वेगळे पैसे कुणी लावत असेल तर लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते गेली कित्येक वर्षं फुकट देते, हे लक्षात असू द्या.

आणि 'सर्वोत्तम दहा होस्टिंग कंपन्या' अशा याद्या वाचताना एवढं ध्यानात ठेवा की त्यातल्या बऱ्याच याद्या तुम्ही लिंकवरून खरेदी केलीत की लिहिणाऱ्याला कमिशन मिळवून देतात.

## शेअर्ड, व्हीपीएस, की मॅनेज्ड?

शेअर्ड म्हणजे एका सर्व्हरवर शेकडो ग्राहक, शेगड्या वाटून घेतलेल्या. व्हीपीएसमध्ये सर्व्हरचा ठरावीक हिस्सा फक्त तुमचा, पण त्याची साफसफाई, सुरक्षा, अपडेट हेही तुमचंच. मॅनेज्डमध्ये ती कामं कंपनी करते आणि त्याचे पैसे घेते.

माझं मत विचाराल तर संस्थेत लिनक्स, म्हणजे सर्व्हर चालवणारी प्रणाली, जाणणारा कुणी नसेल तर स्वस्तातल्या व्हीपीएसच्या वाटेला जाऊ नये. महिन्याला शे-दोनशे रुपये वाचतात आणि सहा महिने अपडेट न केलेला सर्व्हर दुसऱ्या कुणाच्या तरी स्पॅम मेल पाठवत बसतो. छोट्या साइटला चांगलं शेअर्ड पुरतं. रोज पैसे कमावणारी साइट असेल तर मॅनेज्डचे पैसे वाया जात नाहीत.

"मॅनेज्ड घेतलं की डोक्याला ताप नाही ना?" बराच कमी होतो, संपत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे एक संस्थापक मॅट मलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही मोठी मॅनेज्ड होस्टिंग कंपनी यांच्यात नाममुद्रेवरून जाहीर भांडण जुंपलं. प्लगइन जिथून मिळतात त्या वर्डप्रेस डॉट ऑर्गने डब्ल्यूपी इंजिनच्या सर्व्हरांचा रस्ता बंद केला आणि तिच्या ग्राहकांना प्लगइनांची नेहमीसारखी अपडेट मिळेनात. कंपनीने स्वतःची वेगळी सोय केली, प्रकरण कोर्टात गेलं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने तो रस्ता पुन्हा खुला करायला लावला. ग्राहकांनी यात काहीच चूक केलेली नव्हती. कंपनी कितीही नावाजलेली असो, आपलं सामान उचलून दुसरीकडे जाता येईल ना, एवढं आधीच पाहून ठेवावं.

## सर्व्हर मुंबईतच हवा का?

वाचक महाराष्ट्रात असतील तर हो, निदान भारतात. यामागे स्वदेशी वगैरे काही नाही, अंतर आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. सरळ रेषेत जाऊन यायलाच सव्वाशे मिलिसेकंद. केबल सरळ जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास. सुरक्षित जोडणी होऊन पहिला शब्द यायला अशा दोन-तीन फेऱ्या होतात. म्हणजे पान रचण्याआधीच अर्धा सेकंद गेला. पहिलं उत्तर ०.८ सेकंदांच्या आत यावं अशी गूगलची अपेक्षा आहे, त्यातला मोठा वाटा समुद्रातच संपतो.

मुंबईत सर्व्हर मिळणं ही आता अडचण राहिलेली नाही. वर्सोव्याला समुद्राखालच्या केबल किनाऱ्याला लागतात. चांदिवली, ऐरोली, रबाळे, महापे इथे डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये आपली क्लाउड केंद्रं मुंबईत सुरू केली. मात्र कंपनी भारतीय म्हणजे सर्व्हर भारतात, असं समजू नका. खरेदी करताना ठिकाण निवडायचा पर्याय येतो. तिथे घाईने 'पुढे' दाबलं जातं.

सर्व्हर जवळ आहे की लांब हे पिंग करून, म्हणजे त्याला हाक मारून उत्तराला लागणारा वेळ मोजून, तपासायचं असेल तर एक फसगत आहे. साइटच्या पुढे सीडीएन लावलेलं असेल, म्हणजे चित्रांच्या नि पानांच्या नकला जागोजागी ठेवणारी सेवा, तर पिंगला उत्तर तिचा मुंबईतला सर्व्हर देतो आणि मूळ साइट टेक्सासमध्ये असली तरी आकडा सुंदर दिसतो. अ‍ॅडमिनमध्ये लॉगिन करून एखादा लेख जतन करून पाहा. तिथे खरा वेग कळतो. सीडीएनचा खरा उपयोग उलट दिशेने आहे: सर्व्हर मुंबईत, आणि दिवाळी अंक वाचणारे न्यू जर्सीत नि मेलबर्नमध्ये.

"पण कायद्याने डेटा भारतातच ठेवावा लागतो ना?" सरसकट नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तशी सार्वत्रिक सक्ती केलेली नाही. काही देशांत डेटा पाठवण्यावर बंधन घालण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे ठेवला आहे. त्या कायद्यातली जास्त महत्त्वाची गोष्ट अशी की सभासदांची नावं नि फोन नंबर तुम्ही गोळा केलेत तर त्यांची जबाबदारी तुमची. होस्टिंगवाल्याकडे बोट दाखवून सुटता येत नाही.

## मराठी मजकुराचं खास दुखणं

हा भाग इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये क्वचित सापडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साइट एका होस्टिंगवरून दुसरीकडे नेली आणि सगळा मराठी मजकूर अगम्य चिन्हांत बदलला, असं जुन्या साइटांच्या बाबतीत घडतं. कारण असं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेतं. पण मायएसक्यूएल या डेटाबेसची मूळ मांडणी कित्येक वर्षं लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांपुरती, होती. २०१८ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत ती बदलली. जुन्या साइटवर बऱ्याचदा मजकूर यूटीएफ-८ आणि त्यावरची पाटी लॅटिन-१, असा कारभार चालू असतो. त्याच सर्व्हरवर असेपर्यंत वाचणारा आणि लिहिणारा दोघेही सारखीच चूक करतात, म्हणून सगळं नीट दिसतं. नव्या ठिकाणी पाटी खरी मानली जाते आणि गोंधळ उघडा पडतो.

दिसतं कसं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्यामागे चलनाचं चिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि पुन्हा तोच 'ए'. असं दिसलं तर घाबरू नका. मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीचा वाचला जातो आहे. जाणकार माणूस तो परत मिळवून देतो. मात्र ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं दिसली तर अक्षरं खरोखर गेली आहेत, आणि मग जुन्या प्रतीशिवाय उपाय नाही. म्हणून साइट हलवल्यावर मुखपृष्ठ पाहून समाधान मानू नये. सगळ्यात जुने लेख उघडावेत, वाचकांच्या प्रतिक्रिया पाहाव्यात, जोडाक्षरं नीट आहेत का ते बघावं.

नव्या कंपनीला विचारायचा प्रश्न: डेटाबेस यूटीएफ८एमबी४ देता का? शेवटचा '४' इमोजीसाठी आहे. इमोजीला चार बाइट लागतात आणि जुनी मांडणी तीनवरच थांबते.

जाता जाता एक. लेखाचा पत्ता मराठीत ठेवलात तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचे, काना-मात्रा-वेलांटी वेगळी धरून, नऊ रोमन अक्षर-आकडे होतात. वर्डप्रेसमध्ये त्याला दोनशेची मर्यादा आहे. म्हणजे बावीस चिन्हांनंतर पत्ता तुटतो. यात होस्टिंगचा काही दोष नाही. पत्ता छोटा ठेवा.

## बॅकअप ते घेतात ना?

घेतात. कुठे ठेवतात ते विचारा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत आगीत खाक झाली. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच ठिकाणी होते, तेही गेले. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी डेटा सेंटर डिझेल जनरेटरवर चालतात, पण मुंबईतल्या सर्व्हरचा बॅकअप मुंबईतच असावा हे काही बरं नव्हे. महिन्यातून एकदा फायली आणि डेटाबेस, दोन्ही उतरवून संस्थेच्या ड्राइव्हवर ठेवा. नुसत्या फायली उतरवणारे बरेच भेटतात. लेख तर डेटाबेसमध्ये असतात.

'९९.९ टक्के अपटाइमची हमी' म्हणजे तीस दिवसांत ४३ मिनिटं साइट बंद राहिली तरी कराराचा भंग नाही. झालाच, तर भरपाई सहसा त्या महिन्याच्या भाड्यातून मिळते. शंभर रुपयांच्या भाड्यातली भरपाई किती असणार, ते तुम्हीच बघा.

पीएचपीच्या त्या मेलचंही इथेच उरकू. ती धमकी नसते. प्रत्येक आवृत्तीला ठरावीक काळ सुरक्षा-दुरुस्ती मिळते, ७.४ ची २०२२ च्या नोव्हेंबरात थांबली, ८.१ ची ३१ डिसेंबर २०२५ ला. बदल होस्टिंगच्या पॅनलमध्ये एका निवडीने होतो. जुनं प्लगइन त्यात कोसळू शकतं, म्हणून आधी बॅकअप, मग बदल, आणि बिघडलं तर तिथेच मागे फिरायचं. आवृत्ती मागेपुढे करू न देणारी कंपनी घेऊ नये.

## डोमेन कुणाच्या नावावर आहे?

साइटचा पत्ता म्हणजे डोमेन, आणि होस्टिंग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच ठिकाणी घेतल्या की सोय होते. पण होस्टिंगवरून वाद झाला की पत्ताही त्याच कंपनीच्या पॅनलमध्ये. शक्य असेल तर वेगळ्या ठेवा.

त्याहून मोठा घोळ नावाचा. छोट्या संस्थांची डोमेन बऱ्याचदा साइट बनवून देणाऱ्याच्या, नाहीतर चार वर्षांपूर्वीच्या खजिनदारांच्या खात्यावर असतात. कार्यकारिणी बदलते, खजिनदार ठाण्याला राहायला जातात, नूतनीकरणाची मेल त्यांच्या वापरात नसलेल्या पत्त्यावर येते. मुदत संपली की काही दिवस मूळ दरात सुटका होते, मग दंड भरून, आणि त्यानंतर ते नाव कुणीही घेऊ शकतं. खातं संस्थेच्या नावावर, मेल संस्थेची, फोन नंबर दोन पदाधिकाऱ्यांकडे, असं असावं. आणि ती मेल त्याच डोमेनवरची नको: डोमेन बंद पडलं की ते सोडवायची मेलही तिथेच अडकते.

## मग ब्लॉगर काय वाईट?

गूगलची ही फुकट ब्लॉगसेवा काहीच वाईट नाही. वर्षातून दोनदा बदलणारी चार पानं असतील तर वर्डप्रेसच कशाला हवं? अपडेट नाहीत, पीएचपी नाही, नूतनीकरण फक्त डोमेनचं. आरतीचं थेट प्रक्षेपण तर कधीच स्वतःच्या होस्टिंगवर ठेवू नये; ते यूट्यूबवर, साइटवर नुसती चौकट. सभासदांची नोंद, विक्री, शेकडो लेखांचा संग्रह अशी गरज असेल तेव्हा सीएमएस आणि त्यासाठी होस्टिंग.

## हलवायचं ठरलंच तर

शनिवारी रात्री कंपनीच्या चॅटवर वरचे प्रश्न विचारून पाहा. सोमवारी सकाळी सगळेच उत्तर देतात. पहिल्यांदा वर्षाचेच पैसे भरा, भले महिन्याचा दर थोडा जास्त पडो. गणपती, दिवाळी अंक, क्लासचे प्रवेश, ज्याचा जो हंगाम असेल त्याच्या आधीचा महिना सोडून हलवा. नव्या ठिकाणी साइट पूर्ण उभी करून तपासा, मगच डोमेनची दिशा बदला. काही वाचकांना दोन दिवस जुनीच साइट दिसत राहते, तेव्हा त्या दोन दिवसांत नवा लेख टाकू नका नि देणगीचा अर्ज बंद ठेवा. संस्थेची मेल जुन्याच होस्टिंगवर असेल तर ती आधी दुसरीकडे न्या, कारण साइटच्या गडबडीत तिचा विसर पडतो. जुनं होस्टिंग आणखी एक महिना चालू ठेवून मग बंद करा.